अभय कोणास?

म्हादईच्या खोऱ्यातील अरण्याच्या कारभाराचा इतिहास पाहू गेल्यास एक विसंगती ठळकपणे नजरेत भरते. रान राखण्याचा निर्णय तडकाफडकी झाला. त्या रानाच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या माणसांचे काय, हे ठरविण्यास मात्र सरकारास सवड सापडली नाही.

मुक्तीनंतर गोमंतकात अरण्यरक्षणाचा प्रारंभ मोलेपासून झाला. १९६९ साली त्या अभयारण्यास भगवान महावीरांचे नाव मिळाले. १९७८ मध्ये त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान ठरला. सत्तरीची पाळी येण्यास १९९९ साल उजाडले. राष्ट्रपती राजवट चालू असता राज्यपाल ले. जनरल जेकब यांनी म्हादई व नेत्रावळी ही प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठी अभयारण्ये घोषित केली. मतांवर डोळा ठेवणाऱ्या मंत्रिमंडळास हे धैर्य झाले असते, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोषणा ही पहिली पायरी आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर पुकारा करावा, दावे ऐकावेत, हक्क मान्य करावेत अथवा मोबदला द्यावा, हा पुढील क्रम. २००३ च्या दुरुस्तीने या कामास दोन वर्षांची मुदत घातली. पण ती ‘शक्यतो’ पाळावयाची! शिवाय मुदत टळली तरी अधिसूचना कायमच. साहजिकच दिरंगाईची झळ सरकारास लागली नाही. ती लागली काजूच्या बागायतीत राबणाऱ्या सत्तरीकरास. आपण मालक की घुसखोर, हेच त्याला कळेना.

अशा अनिश्चिततेत वाघ हा शत्रू वाटू लागतो. २०२० च्या जानेवारीत एक वाघीण व तिचे तीन बछडे याच अभयारण्यात मृतावस्थेत आढळले. विषप्रयोगाच्या आरोपावरून स्थानिकांस अटक झाली. त्या कृत्याचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. पण वनखात्याची शिक्षा भोगणाऱ्यास वनखात्याचा न्यायही मिळावयास हवा.

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्रक्षेत्र अधिसूचित करण्याचा आणि वनवासीयांचे दावे बारा महिन्यांत निकालात काढण्याचा आदेश दिला. सरकारने सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढण्याचा मार्ग पत्करला. व्याघ्रक्षेत्राविषयी वाद असेल. दावे निकालात काढण्याविषयी कोणता वाद होता? लोकांच्या भीतीची ढाल पुढे करणाऱ्यांनी ती भीती दूर करण्याचे साधन स्वतःच्याच कपाटात बंद करून ठेवावे, हे लोकहिताचे लक्षण नव्हे. म्हादईचे पाणी आणि सत्तरीचा माणूस, दोहोंनाही अभय हवे आहे.