कर्नाटकात उपचारखर्चाच्या साहाय्यासाठी शिफारसपत्र आधी, दाखल होणे नंतर

बंगळुरू : रुग्णालयाचे देयक हाती पडल्यावर शासकीय साहाय्याची चौकशी करणाऱ्या कुटुंबांना बहुधा उशीर झालेला असतो. ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेचा लाभ मिळण्यासाठी पात्रता दाखल होण्यापूर्वीच तपासणे हिताचे ठरते.

सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत राबवल्या जाणाऱ्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला कमाल १.५ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. उर्वरित खर्च रुग्णाने करावयाचा असतो.

रुग्णाने आधार कार्ड व शिधापत्रिकेसह प्रथम सरकारी रुग्णालयात जाणे अपेक्षित आहे. तेथे उपचाराची सोय नसल्यास मिळणाऱ्या शिफारसपत्राच्या आधारे योजनेशी संलग्न खासगी रुग्णालयात उपचार होतात. ठरावीक तातडीच्या उपचारांना या पत्राची अट नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्या रुग्णांकडे आयुष्मान कार्ड असल्यास प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही घेता येतो. मात्र रुग्णालय संलग्न आहे का आणि संबंधित उपचार योजनेत बसतो का, याची खातरजमा तेथील आरोग्यमित्राकडे आधीच करून घेणे आवश्यक आहे.