न्यायाची काटकसर कोणाला परवडते?

राज्याच्या अर्थसंकल्पावर चर्चा सुरू झाली की रस्ते, धरणे, वीज, शेतकऱ्यांची कर्जे आणि सरकारी नोकरांचे वेतन या विषयांवर सभागृह तापते. न्यायालये व तुरुंग यांच्या मागण्यांसाठी मात्र क्वचितच कोणी घसा कोरडा करतो. यात नवल काही नाही. निवडणूक कायद्याने तुरुंगातील माणसाला मतदानाचा अधिकारच ठेवलेला नाही आणि ज्याला मत नाही त्याची कड घेणारा विरळाच. शिवाय शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या समाजाला त्या पायरीच्या डागडुजीची फिकीर कशी असणार?

तथापि हा प्रश्न केवळ डागडुजीचा नाही. १९७९ साली हुसैनआरा खातून यांच्या खटल्याच्या निमित्ताने बिहारच्या तुरुंगांतील स्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे आली. खटला उभा राहण्याची वाट पाहत माणसे वर्षानुवर्षे कोठडीत पडली होती; आरोप सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी ती केव्हाच संपली असती, असेही त्यांत अनेक होते. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या वेळी स्पष्ट केले की, शीघ्र न्याय हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पैसा नाही ही सबब सांगून राज्याला तो नाकारता येणार नाही. थोडक्यात, न्यायालयांवरील खर्च ही राज्यकर्त्यांची मेहेरबानी नसून घटनेने त्यांच्यावर टाकलेले देणे आहे, असा त्या निर्णयाचा अर्थ होतो.

ते देणे किती फेडले गेले? विधि आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे साडेदहा न्यायाधीश हे प्रमाण पन्नासपर्यंत नेण्याची शिफारस केली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पाच वर्षांची मुदत घालून दिली. आज मंजूर पदे हिशेबात धरली तरी हे प्रमाण एकवीसच्या आसपासच आहे आणि त्यांतील अनेक पदे रिकामी आहेत. जिल्हा व दुय्यम न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय असताना ५,७३,२२० माणसे कोंबलेली होती. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. ‘गुन्हेगारांच्या चैनीसाठी करदात्याचा पैसा कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या दुरवस्थेचे मूळ पैशाच्या टंचाईइतकेच सरकारी हिशेबाच्या रचनेतही आहे. महाराष्ट्रात न्यायालयांचा खर्च विधि व न्याय विभागाकडे, तर तुरुंग व पोलिस गृह विभागाकडे. न्यायाधीशाचे पद रिकामे राहिले की एका विभागाच्या खात्यात वेतनाची बचत दिसते. पण त्यामुळे लांबलेल्या खटल्यातील आरोपीचे अन्न, औषध आणि पहारा यांचा बोजा दुसऱ्या विभागावर पडतो. कोर्टात नेण्यास पोलिस पहारा मिळाला नाही की तारीख पुढे जाते आणि साक्षीदाराचा हेलपाटा फुकट जातो. त्याची बुडालेली मजुरी तर कोणत्याच लेखाशीर्षाखाली येत नाही. एका खिशातील आणा वाचवण्यासाठी दुसऱ्या खिशातील रुपया घालवण्याचा हा व्यवहार कोणताही संसारी माणूस करणार नाही.

केंद्र व राज्ये यांच्यातील वाटणीचीही तीच कथा आहे. फौजदारी कायदे प्रामुख्याने संसद करते. ते राबवणारी न्यायालये चालवण्याचा बहुतांश भार राज्यांवर पडतो. १९८८ साली न वटलेल्या धनादेशाला फौजदारी गुन्हा ठरवण्यात आले आणि दंडाधिकाऱ्यांच्या दप्तरात प्रकरणांचे ढीग साचले. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२ कोटी ९० लाख रुपयांची तरतूद झाली. पण २०११ साली केंद्राने हात आखडता घेताच ती चालवायची की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाची भेट आवश्यक केली असून, त्याची तयारी करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा दिली आहे. प्रयोगशाळा, उपकरणे व माणसे यांची तरतूद झाली नाही, तर हा चांगला नियमही विलंबाचे आणखी एक निमित्त ठरेल.

केवळ थैली सैल सोडल्याने सर्व काही सुरळीत होईल, असा याचा अर्थ नाही. वारंवार तहकुबी मागणारे वकील, त्या देणारी न्यायालये आणि तपासात ढिलाई करणारे पोलिस यांना पैसा सुधारू शकत नाही. काही सुधारणांना तर पैसाच फारसा लागत नाही. १९७८ साली मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागून, त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारण्यात आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाला न पेलणाऱ्या जामिनावर कोरडे ओढले होते. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे व एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यांना ती लागू नाही. कारागृह अधीक्षकाने अशांची यादी वेळेवर न्यायालयापुढे ठेवली तरी पुष्कळ गर्दी हटेल. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे केलेला भिंतींवाचूनच्या तुरुंगाचा प्रयोग, ज्यावरून १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला, तोही हेच सांगतो की उंच भिंती आणि मोठा पहारा यांवाचूनही माणूस सुधारता येतो.

राज्य सरकारने न्यायालये, अभियोक्ते, प्रयोगशाळा, विधि साहाय्य आणि तुरुंग यांच्या खर्चाचे एकत्रित विवरण दर वर्षी विधिमंडळापुढे मांडावे. रिकाम्या पदांमुळे किती वाचले आणि कच्च्या कैद्यांवर किती गेले, हे शेजारी शेजारी छापावे. तसे झाले तर काटकसर म्हणून जे मिरवले जाते ती उधळपट्टी आहे, हे आकडेच दाखवून देतील. या उधळपट्टीचा सर्वात मोठा वाटा रुपयांत मोजताही येणार नाही. निर्दोष ठरून पाच वर्षांनी बाहेर पडणाऱ्याची ती पाच वर्षे परत करण्याची ऐपत कोणत्याच सरकारी तिजोरीत नाही.