गावच्या बालवीर पथकाचे एक वर्ष

जून महिन्यात गणेशगुडीच्या परिसरात पाऊस एकदा जमला की सप्टेंबर उलटेपर्यंत तो हलायचे नाव घेत नाही. काळी नदीचे पाणी गढूळ होते, रानवाटांवर जळवा निघतात आणि वाड्यावस्त्यांवरील मुले छत्र्या सावरीत शाळेची वाट धरतात. बालवीर पथकाचे, म्हणजेच स्काउट पथकाचे वर्ष ह्याच महिन्यात सुरू होते. ज्यांनी ही चळवळ केवळ चित्रांत पाहिली आहे त्यांना ह्याचे नवल वाटेल, कारण चित्रांत नेहमी तंबू, शेकोटी आणि निरभ्र आकाश असते. परंतु पथक उभे राहते ते पावसात, एखाद्या पडवीत किंवा शाळेच्या ओसरीवर, हातात दोराचा तुकडा घेऊन बसलेल्या सात-आठ मुलांपासून.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले ह्या वयाची आहेत. तेव्हा गणेशगुडीसारख्या गावात असे पथक कसे चालावे, वर्षभरात त्याच्या वाट्याला कोणती कामे येतात आणि ते कशामुळे मोडते, हे विस्ताराने सांगावे असे आम्हांस वाटले.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. बेडन-पॉवेल ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांतील काही मुले मोठ्या घरची व महागड्या शाळांतील, तर काही कामगारांच्या घरची होती. दोन्ही प्रकारची मुले त्याने मिसळून टाकली व त्यांचे चार संघ केले. आपल्याकडे ही चळवळ १९०९ साली बंगळूरला आली, पण आरंभी ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. हिंदी मुलांना दार उघडावयास आणखी काही वर्षे गेली. ह्या कामी पुढाकार घेणाऱ्यांत नागपूरचे विवियन बोस होते, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासेत ॲनी बेझंट आणि अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनीही आपापल्या संस्था काढल्या. स्वातंत्र्यानंतर हे सारे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली व पुढल्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. मुलींचे काम ह्या देशात नवे नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. जबलपूरला १९११ सालीच गाईडचे पथक निघाले होते. ‘मुलींना कशाला ही कवायत?’ असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा सन ध्यानात ठेवावा.

आपल्या देशात बहुतेक पथके शाळांना जोडलेली आहेत. शिक्षकाची बदली झाली की ती निजतात, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. परंतु शाळेबाहेरची, गावाने चालविलेली मुक्त पथकेही निघू शकतात. पुण्याचे शिवाजी कुल शंभर वर्षांहून जुने आहे, आणि तेथे कालचे बालवीर आजच्या बालवीरांना शिकवीत आले आहेत. शहरास जे जमते ते खेड्यास जमणार नाही असे नाही. मात्र खेड्याची अडचण निराळी आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

पावसाळ्यातील बैठकीत पहिले काम गाठींचे. दोन दोर जोडण्याची गाठ, खुंट्याला दोर बांधण्याची गाठ, आणि माणसाच्या छातीभोवती घातली तरी न आवळणारी अशी फाशाची गाठ. ही शेवटची गाठ मुलाला डोळे मिटून बांधता आली पाहिजे. असे का, हे गणेशगुडीच्या माणसास समजावून सांगण्याची गरज नसावी. गावाच्या माथ्यावर सुपा धरण आहे. ते १९८७ साली पूर्ण झाले आणि त्याची उंची एकशे एक मीटर आहे. जुने सुपे गाव त्या जलाशयाखाली गेले व तेथील अनेक कुटुंबे रामनगरला वसली. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. त्यातून पाणी सोडले की आभाळात ढग नसतानाही खालच्या पात्रातील पाणी चढू लागते. घोट्याएवढ्या पाण्यात खडकावर बसलेल्या मुलास परतीची वाट सापडेनाशी होते.

अशा वेळी पोहता येणारा थोरला भाऊ उडी घेतो, आणि एकाच्या जागी दोन शवपेट्या करण्याची पाळी येते. बालवीरास शिकविले जाते ते नेमके ह्याच्या उलट. आधी हाक मारून माणसे जमवावी. काठी पोहोचत असेल तर काठी द्यावी, ती पोहोचत नसेल तर फास केलेला दोर फेकावा, रिकामा प्लॅस्टिकचा डबा हाताशी असेल तर तो दोराच्या टोकाला बांधून फेकावा. पाण्यात उतरणे हा अगदी शेवटचा उपाय, तोही शिकलेल्यानेच करावयाचा. दोर अचूक फेकणे हे सोपे काम नव्हे. पावसाळाभर ओसरीवरून अंगणातील घागरीकडे शंभर वेळा फेकावा तेव्हा तो हात बसतो. मुलांना ह्यात खेळाचीच गोडी वाटते.

सर्पदंशाचेही तसेच. दंशाच्या जागी चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, करकचून दोरी आवळणे, हे सारे बालवीराने विसरावयाचे असते. रोग्याला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय काठी बांधून हलू देऊ नये, त्याला चालवू नये आणि विलंब न लावता इस्पितळात न्यावे. सर्पविषावरील लस मांत्रिकाच्या झोळीत नसते. येथून दांडेली पंचवीसेक किलोमीटर आहे, आणि वाहन कोणाच्या दारी उभे असते, त्याचा फोन क्रमांक काय, हे पथकातील प्रत्येक मुलास पाठ असावे. आमच्या मते ह्या एका पाठासाठीदेखील गावाने पथक काढावे.

मुलगा आला की लगेच बालवीर होत नाही. काही महिने उमेदवारी करावी लागते, मग वचनविधी होतो व गळ्यात स्कार्फ पडतो. वचनाचे तीन भाग आहेत: ईश्वर व देश ह्यांच्याविषयीचे कर्तव्य, इतरांस साहाय्य आणि नियमांचे पालन. वंदन करताना तीन बोटे उभारतात ती ह्यासाठीच. ईश्वर ह्या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आपल्या देशातील वचनात ठेवलेली आहे. म्हणून कुणब्याचा मुलगा, गवळ्याचा मुलगा, मुसलमान दुकानदाराचा मुलगा आणि आपला मुलगा एकाच ओळीत उभा राहू शकतो, आणि कोणालाही आपली श्रद्धा घरी ठेवून यावे लागत नाही. आमच्या काही श्रावकांना ह्याचीच भीती वाटते, असे दिसते. त्यांच्यासाठी सांगतो की फ्रान्समध्ये १९२० साली कॅथलिक बालवीरांची संघटना उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते फादर जाक सेव्हँ येशूसंघीय धर्मगुरू होते, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या कारकिर्दीत, २०१२ साली, त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित करण्यात आले.

ऑक्टोबरअखेर पाऊस ओसरतो, भात कापणीला येते आणि पथकाला अंगण मिळते. आता संघांचे काम दिसू लागते. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो व त्याचा नायक मुलांमधलाच. मोठ्यांनी हुकूम सोडावयाचे आणि लहानांनी पाय आपटावयाचे, अशी ही पद्धत नाही. संघनायकांची मानसभा भरते. कोठे सहलीला जावे, कोणी वरचेवर गैरहजर राहतो त्याचे काय करावे, पैशाचा हिशेब कसा लागला, हे ती ठरविते. स्काउटमास्तरने त्या सभेत बसावे आणि शक्य तितके गप्प राहावे. हे शेवटचे काम साऱ्या शिक्षणक्रमात अवघड, असे आम्हांस वाटते. आम्हां धर्मगुरूंना तर विशेष.

७ नोव्हेंबरला स्थापनादिनाची ध्वजचिन्हे विकण्यासाठी मुले घरोघर जातात. महाराष्ट्रातील पथकांत ‘खरी कमाई’ नावाचा एक उपक्रम चालत आला आहे. मुलांनी कष्टाचे काम करावे आणि त्याचे पैसे पथकासाठी घ्यावे. इंग्लंडातही १९४९ पासून असाच एक सप्ताह पाळला जाई व मुले शेजाऱ्यांकडे एका शिलिंगात एक काम करीत. आपल्याकडे लाकडे रचणे, गोठा झाडणे, सुपारी सोलणे, अशी कामे काय थोडी आहेत? परंतु शेजाऱ्यांस विनंती आहे की मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून फुकट दहाची नोट देऊ नये. त्याच्याकडून काम करून घ्यावे, वाईट झाल्यास पुन्हा करून घ्यावे, आणि मगच पैसे द्यावे.

नाताळानंतरचे दिवस शिबिराचे. आपला बराचसा मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून रानात मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची लेखी परवानगी आधी काढावी, आणि ती न मिळाल्यास एखाद्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या खाचरात शिबिर करावे. मुलांच्या दृष्टीने काही बिघडत नाही. चर खणणे, चूल मांडणे, वीसजणांचा भात न करपविता शिजविणे, रात्री पाळीने पहारा करणे आणि निघताना चर बुजवून जागा होती तशी करून देणे, हे खाचरातही होते. ह्याच सुमारास जोयड्यास कुणबी बांधवांची कंदमुळांची जत्रा भरते. मुलांना तेथे न्यावे. कोणता कंद कोणत्या वाडीत होतो, तो किती दिवस टिकतो आणि दुष्काळात कोणी कोणाला जगविले, हे सांगणाऱ्या आज्या तेथे बसलेल्या असतात, आणि पुस्तकातील निसर्गाभ्यासापेक्षा त्यांचा एक तास अधिक मोलाचा आहे.

२२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ऑलाव्ह ह्या दोघांचाही जन्मदिवस. तो साजरा झाला की मार्चमध्ये परीक्षा येतात आणि पथक विसावते. ह्याबद्दल विशेष काही सांगण्याजोगे नाही.

आता त्या अडचणीकडे येऊ. पथक मुलांच्या अभावी मोडत नाही. ते मोडते मोठ्यांच्या अभावी. ब्रिटनमध्ये खेडोपाडी अशी पथके आहेत आणि ती लाखाहून अधिक प्रौढ माणसे बिनपगारी चालवितात. कोणी सुतार, कोणी परिचारिका, कोणी पेन्शनर. गावची समिती वर्षातून एकदा सर्वांसमोर हिशेब वाचते. तरीही अलीकडच्या वर्षांत तेथील प्रतीक्षायादीत लाखाच्या घरात मुले आहेत, आणि ती केवळ शिकविणारे हात पुरेसे नाहीत म्हणून. मग आमच्याकडे काय होईल? शिकलेला तरुण वीस वर्षांचा झाला की गोव्यास किंवा बेळगावास कामाला जातो आणि सणालाच परततो. सतराव्या वर्षी स्काउट विभागातून बाहेर पडणारा मुलगा रोव्हर होऊन धाकट्यांना शिकविण्यास राहील, ही अपेक्षा येथे नेहमीच फळेल असे नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की गावात राहणाऱ्यांनीच हे अंगावर घ्यावे. वीज मंडळातून निवृत्त झालेले, अंगणवाडीतील बाई, राफ्टिंगवर काम करणारे आणि नदी हाताच्या रेषेसारखी जाणणारे तरुण ह्यांपैकी दोघे-तिघे पुरेत. पथकप्रमुखासाठी सात दिवसांचा प्राथमिक वर्ग असतो. तेवढी रजा काढावी लागेल. मग आठवड्याला दोन तास आणि वर्षाला एक शिबिर.

आणखी एक गोष्ट मातापित्यांनी स्पष्टपणे विचारावी, आणि ती विचारण्यात लाजू नये. शिबिरात, सहलीत, बैठकीत कोणीही प्रौढ व्यक्ती एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड असता कामा नये. नेहमी दोन मोठी माणसे असावी आणि मुलींच्या पथकाबरोबर स्त्रिया. अमेरिकेतील बालवीर संस्थेने २०२० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, तो लहानपणी अत्याचार झालेल्यांचे दावे पुढे आले म्हणून. त्या दाव्यांची संख्या पुढे ब्याऐंशी हजारांवर गेली. आपल्या ख्रिस्तसभेसही हा धडा फार मोठ्या किमतीला मिळाला आहे. ‘अमुक माणूस भला आहे, देवळात येतो’ हे ह्या नियमाला उत्तर होऊ शकत नाही. तो माणूस धर्मगुरू असला तरी नाही.

एप्रिल-मेमध्ये रानात वणवे लागतात, विहिरी आटतात. शाळेला सुट्टी असल्याने मुले मोकळी असतात. झऱ्यांवरील पालापाचोळा काढणे, गुरांसाठी पाण्याची टाकी भरून ठेवणे, गावाच्या कडेचा वाळका चारा वनरक्षकाच्या देखरेखीखाली काढून आगीस वाट न ठेवणे, ही कामे ह्या दिवसांत करता येतात. वणवा विझविण्यास मात्र मुलांना पाठवू नये.

पथकाची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. त्यासाठी मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या जूनच्या पहिल्या आठवड्यात गोळा व्हाव्या. पोशाखासाठी कोणाला घरी बसवू नये. पहिल्या वर्षी एक स्कार्फ पुरे. आठ मुले, दोन मोठी माणसे आणि वीस-वीस फुटांचे चार दोर एवढ्यावर पहिली बैठक भरते. दोर नायलॉनचा न घेता सुताचा घ्यावा, म्हणजे लहान हातांतून गाठ सुटत नाही.