दोरी सगळ्यांची, जोर कोणाचा?

ग्रुप प्रोजेक्टवर नावं पाच असतात आणि काम दोघं करतात. रत्नागिरीतल्या कुठल्याही कॉलेजात विचारा, कोणी नाही म्हणणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री एक जण टाईप करत बसलेला, दुसरी आकृत्या चिकटवतेय आणि उरलेले तिघं व्हॉट्सअॅपवर अंगठे दाखवतायत. आपण लगेच म्हणतो, पोरं आळशी! पण हीच पोरं गणपतीच्या आरासीसाठी रात्र रात्र जागतात. मग हा आळस नेमका येतो कुठून?

याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती एका दोरीपासून. माक्स रिंगेलमान हा फ्रान्समधला शेती-अभियंता. बैल, घोडा, यंत्र आणि माणूस यांत ओढायला कोण किती कामाचं, एवढंच त्याला पाहायचं होतं. १८८२ ते १८८७ या काळात एका कृषिशाळेत त्याने माणसांना ओढायला लावलं, जोर मोजला आणि १९१३ साली आकडे छापले. एकट्याचा जोर शंभर धरला, तर दोघांत प्रत्येकाचा ९३ भरतो, चौघांत ७७, सातांत ५६ आणि आठांत ४९. आता जरा गुणाकार करा. सात जणांचा मिळून जोर ३९२. आठ जणांचा? तोही ३९२! आठवा गडी आला, दोरीला लागला, घामही गाळला असेल, आणि बेरजेत भर पडली शून्याची.

कोणी म्हणेल, यात आळस कसला? सगळ्यांचे हिसके एका वेळी बसत नाहीत म्हणून जोर वाया जातो. शंका रास्त आहे, आणि रिंगेलमानलाही ती होती. १९७४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ती फेडली, तीही काय नामी युक्तीने! माणसाचे डोळे बांधून त्याला दोरीच्या पहिल्या जागी उभं केलं. मागे आणखी माणसं ओढतायत असं भासवलं, पण ती नुसती आवाज काढत होती. दोरी खरोखर ओढत होता तो एकटाच. हिसके चुकायला दुसरं होतंच कोण? तरीही त्याचा जोर उतरला.

पुढे १९७९ मध्ये लातने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना चक्क ओरडायला लावलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. आपल्याबरोबर आणखी पाच जण ओरडतायत असं नुसतं वाटलं, तरी आवाज एकट्याच्या ७४ टक्क्यांवर आला. आणि खरं नवल तर त्यानंतरचं. १९८१ च्या प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार असं आधी सांगितलं, तर गटातली कामचुकारी नाहीशी झाली. उलट, कुणाचाच आवाज वेगळा कळणार नाही असं सांगितलं, तेव्हा माणसं एकटी असतानाही ढिली पडली! म्हणजे माणसाला सैल सोडते ती गर्दी नव्हे. आपला वाटा कुणाला दिसणारच नाही, ही खात्री सोडते.

कोकणाला हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होतं म्हणायला हरकत नाही. रापण बघा. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात, दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ती ओढतात. कोण जोर लावतोय, कोण नुसता दोरी धरून उभा आहे, हे वाळूवर सगळ्यांना दिसतं. शेवटी वाटे पडतात तेही तिथेच, सगळ्यांसमोर.

आपल्याच जिल्ह्यात दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. तिथले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गटागटाने गावांत जातात. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढतात, गावकऱ्यांच्या देखत. गट असला तरी प्रत्येकाला एक शेतकरी नेमून दिलेला असतो. आता तिथे अंगठा दाखवून भागेल? माझ्या मते कॉलेजातल्या गटकामाचा हा सर्वांत शहाणा नमुना आहे.

एक गोम मात्र राहते. १९७९ मध्येच रॉस आणि सिकोली यांनी नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, घरकामात तुमचा वाटा किती? बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभराच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. तेव्हा ‘सगळं मीच केलं’ म्हणणाऱ्या प्रोजेक्टमधल्या त्या दोघांच्या हिशेबातूनही थोडं कापून घ्यायला हवं.

म्हणून पुढच्या प्रोजेक्टला पहिल्याच दिवशी कोणता भाग कोणाचा ते लिहून काढा, प्रत्येक प्रकरणाखाली करणाऱ्याचं नाव घाला आणि व्हायवात त्याला त्याच भागावर प्रश्न विचारायला सांगा. आणि सर, मॅडम, तुम्हाला एक विनंती: आठ-आठ जणांचे गट तेवढे पाडू नका.