एक्कावन्न टक्के

दुबईतला आमचा व्यापारी परवाना या महिन्यात बंद होतोय. पेपरात नोटीस दिली आहे: कंपनी विसर्जित होत आहे, कुणाचं येणं असल्यास ४५ दिवसांत कळवावं. सव्वीस वर्षांचा धंदा दोन बोटं जागेत मावला.

१९९६ मध्ये इथे आलो. तीन वर्षं दुसऱ्याच्या गोदामात हिशेब लिहिले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. १९९९ मध्ये स्वतःचा परवाना काढला. पोहे, कोकम, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणायचा आणि किराणा दुकानांना घालायचा, हंगामात हापूस. फ्री झोनमध्ये परक्याला पूर्ण मालकी मिळे, पण तिथून शहरातल्या दुकानांना थेट माल देता येत नसे. बाजारात उतरायचं तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा. भांडवल माझं, बुडालं तर नुकसान माझं, आणि वर्षाची ठरलेली फी त्या स्थानिक भागीदाराला, म्हणजे कफीलाला. हा नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटे, आजही वाटतो.

तरी त्या पहिल्या दहा वर्षांवर माझा जीव आहे. न्हावा शेवाहून एका कंटेनरमध्ये साठ-साठ जिनसा यायच्या. आंबा जायचा देऱ्यातल्या हमरिया बाजारात. पहाटे पेट्या फोडल्या की पेंढ्याचा आणि फळाचा वास एकदमच यायचा. केरळी, इराणी, पाकिस्तानी व्यापारी देठाशी नाक नेऊन भाव बोलायचे. २००४ मध्ये तो बाजार अल अवीरला गेला. नवी जागा प्रशस्त, पण मला तिथे कधी करमलं नाही.

मालावर अरबी लेबल लागतं, आणि बंदरात पोचताना निम्मी मुदत तरी शिल्लक असावी लागे. २००२ च्या अखेरीस पोह्यांची अडीच हजार पाकिटं अडकली. तपासणी अधिकाऱ्याने एक पाकीट माझ्यापुढे धरलं आणि तारखेवर बोट ठेवलं. इंग्रजीत मुदत २००३ पर्यंत, अरबीत २००२. अरबी दोन आणि तीन दिसायला सख्खे भाऊ, तीनाला वर एक दात जास्त. मुंबईच्या छापखान्यात तो दात राहिला होता, आणि अरबी वाचणाऱ्याच्या लेखी माझा माल केव्हाच बाद झाला होता. नवी लेबलं लावायची परवानगी मिळाली. मी, बायको आणि दोन पोरं गोदामात सतरंजी टाकून दोन रात्री बसलो. डिमरेज चढत होतं. बायकोच्या बोटांची सालं निघाली, पण एक लेबल तिने तिरकं लावलं नाही.

२००९ मात्र विसरता येत नाही. इथला सगळा व्यापार पुढच्या तारखेच्या चेकवर चाले आणि चेक वटला नाही तर तो गुन्हा होता. मंदी आली. चार दुकानांचा एक मालक, आपल्याच भाषेत बोलणारा, गणपतीत माझ्या शेजारी उभा राहून आरती म्हणणारा, एका शनिवारी शटर ओढून पसार झाला. त्याचे एक लाख ऐंशी हजार दिरहमचे चेक माझ्या हातात राहिले. माझे चेक गोदामाच्या मालकाकडे होते आणि मला तुरुंग दिसत होता. बायकोच्या पाटल्या देऱ्याच्या सोनेबाजारात मोडल्या, तरी पुरेना. तेव्हा कफील, सत्तरीचा माणूस, स्वतः गाडी चालवत आला, मला घेऊन गोदामाच्या मालकाकडे गेला आणि तारखा वाढवून दिल्या. त्या वर्षाची फी त्याने घेतली नाही. परदेशात आपला माणूस तो आपलाच, असं कुणी म्हटलं की मला हे दोघे आठवतात. त्या पळालेल्याला मी माफ केलेलं नाही.

पुढची दहा वर्षं रखडत गेली. २०१८ मध्ये व्हॅट आला, मग कोरोना. १ जून २०२१ पासून परक्याला पूर्ण मालकीची मुभा मिळाली. कफील तोवर वारला होता. त्याच्या मुलाने ५१ टक्के माझ्या नावावर करून दिले, एक दिरहमही न घेता. २०२२ च्या जानेवारीत, खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो गुन्हा राहिला नाही. मे महिन्यात भारताशी व्यापार करार लागू झाला. जन्मभर जे मागितलं ते सगळं एका वर्षात हातात पडलं.

आणि मेतकूट बंद करावं लागलं. आता प्रत्येक जिनसेचं लेबल आधी नोंदवून मंजूर करून घ्यावं लागतं. एकाच जातीच्या तांदळाचा अख्खा कंटेनर आणणाऱ्याला एक नोंदणी, मला साठ. चाळीस पाकिटं खपणाऱ्या मेतकुटाला तो खर्च झेपत नाही. त्याच्यामागून भाजणी गेली, मग गोडा मसाला. मोठी दुकानं थेट भारतातून माल उचलतात. माझ्याकडून घेतला तर पैसे नव्वद दिवसांनी, न खपलेला माल परत. साठ जिनसा थोड्या-थोड्या आणणाऱ्या लहान आयातदारासाठी वेगळी नोंदणी ठेवा, असं मी तीनदा लिहून दिलं. उत्तर आलं नाही.

नोटिशीला आजवर कुणाची हरकत आलेली नाही. फोन एकच आला, शारजातल्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा. कोकम आता कुठे मिळेल, विचारत होत्या. त्यांच्यासाठी दोन किलो बाजूला काढून ठेवलंय.