महाडास जेवावे कोठे?

पावसाळा सरला म्हणजे मुंबई व पुण्याकडील प्रवाशांचा ओघ महाड-पोलादपूरकडे वळतो. कोणी रायगडास जातो, कोणी शिवथरघळीस. कोणी उमरठास तानाजी मालुसऱ्यांच्या गावी डोके टेकून येतो. कोणी पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून प्रतापगड व महाबळेश्वर गाठतो. आणि दक्षिण कोकणात किंवा गोव्यास मोटारीने जाणारे बहुतेक सारेच ह्या दोन गावांवरून पुढे सरकतात. ह्या साऱ्यांस पोट आहे, आणि सकाळी मुंबईहून निघालेल्याचे पोट दुपारी नेमके ह्याच टापूत बोलू लागते, ही गोष्ट येथील व्यापाऱ्यांनी कधीच ओळखली आहे. म्हणून हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस उपाहारगृहांच्या पाट्या दाटीने उभ्या आहेत, आणि म्हणूनच ‘महाडास जेवावे कोठे?’ हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी शेकडो कुटुंबांच्या चुली त्यावर अवलंबून आहेत.

पूर्वी हा प्रश्न वाटेतल्या ओळखीच्या माणसास विचारीत. आता तो खिशातल्या फोनास विचारतात. आधी जेवून गेलेल्यांनी आपले मत तेथे नोंदविलेले असते, पाचांपैकी किती तारे द्यावयाचे तेही ठरविलेले असते, आणि नवा प्रवासी ते तारे मोजून गाडी थांबवितो किंवा पुढे दामटतो. आम्ही ह्या भागातील खाणावळींविषयीची अशी पुष्कळ मते वाचून पाहिली. त्यांतील बरीचशी रास्त व उपयोगी आहेत. भात थंड होता, पाण्याचे पेले नीट धुतलेले नव्हते, पाटीवरचा दर एक व बिलातला दुसरा, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, अशा तक्रारींचा राग धरण्याचे कारण नाही. मालकांनी त्या ओळी रोज सकाळी वाचाव्या, असे आम्ही सुचवितो. ज्या गिऱ्हाइकाशी पुन्हा गाठ पडावयाची नाही त्याला काहीही खपते, ही वाटेवरच्या दुकानदाराची जुनी समजूत ह्या नव्या रीतीने पुष्कळ अंशी मोडली, हा लाभ लहान नव्हे.

काही मते मात्र मौजेची असतात. महाडात मालवणी जेवण मिळाले नाही म्हणून रुसलेले प्रवासी आम्हांस आढळले. मालवण येथून सुमारे ३०० किलोमीटरांवर आहे! पण गिऱ्हाइकाचा हट्ट पाहून बिचाऱ्या मालकाने ‘मालवणी’ अशी पाटी रंगविली, शेजारच्याने पनीर आणले, आणि ह्या मुलखाचे जे खरे अन्न, म्हणजे तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, सुकट, आमसुलाचे सार, डोंगराकडील वाड्यांतली नाचणीची भाकरी, ते मुदपाकखान्यातच राहिले. तेथे ते नोकर माणसे खातात. परगावच्या माणसाने आपले मत द्यावे, पण येथे काय पिकते हे आधी विचारून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु ज्या मतांमुळे आम्हांस लेखणी उचलावी लागली ती ह्याहून निराळी आहेत. ती लिहिताना शब्द जपून योजलेले असतात. ‘आपल्या माणसांचे आहे, निर्धास्त जावे.’ ‘मालक कोण आहे ते आधी विचारून घ्या.’ ‘वातावरण आपल्यासारख्यांसाठी योग्य.’ भात शिजला होता की नाही, ह्याचा त्यांत उल्लेख नाही. भात कोणी शिजविला, ह्याचा आहे. गेल्या हिवाळ्यात पोलादपुरानजीक आम्ही स्वतः एका लहानशा भोजनगृहात बसलो असता एक सुशिक्षित कुटुंब आत आले. गृहस्थांनी भिंतीवरील दरपत्रक पाहिले, मग गल्ल्यावरील तरुणास त्याचे नाव विचारले, नावानंतर आडनाव विचारले, आडनावानंतर गाव विचारले, आणि ‘मंडळी, पुढे बघू’ असे म्हणून ते सहकुटुंब बाहेर पडले. तरुण काही बोलला नाही. त्याने आमच्या पुढ्यात गरम भाकरी आणून ठेवली, पण आमच्या घशाखाली ती सहज उतरली नाही.

हाच प्रकार अन्य गावी घडता तर कदाचित आम्ही दुर्लक्ष केले असते. महाडच्या वाटेवर तो घडावा ह्याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. कारण प्रवाशाने कोठे खावे व कोठे पाणी प्यावे, हा प्रश्न ह्याच गावात एकदा रक्त सांडून विचारला गेला आहे.

१९२७ च्या मार्च महिन्याच्या १९ व २० तारखांस कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी दूरदूरच्या खेड्यांतून हजारो माणसे महाडास आली. तीही प्रवासीच होती. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले ह्यांचा ठराव १९२३ साली संमत होऊन सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा सर्वांस खुल्या करावयाचे ठरले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागद असा स्वच्छ असता ह्या पाहुण्यांसाठी गावातून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली, आणि मंडपात जे जेवावयास बसले होते व जे जेवण करीत होते त्यांच्यावर जमाव चालून गेला. माणसांस मार बसला तो बसलाच. पण शिजलेले अन्न मातीत कालविले गेले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्या दिवशी अनेकांस मुसलमानांच्या घरी आसरा मिळाला.

डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेच्या वेळी तर पाहुण्यांनी प्रवासाची आखणीच ह्या गावावर विसंबावयाचे नाही अशा बेताने केली. मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरास आली. कारण धरमतरच्या जवळच्या मार्गाने येता मोटारवाल्यांनी नकार दिला तर अडकून पडावे लागले असते, आणि दासगावाहून महाड निदान पायी गाठता येते. परिषदेस जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची, आणि शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. आमच्या व्यापारी वाचकांनी ह्याचा हिशेब मांडून पाहावा. हजारो गिऱ्हाईक दाराशी आले असता बाजारपेठेने तराजू हाती धरावयाचे नाकारले. स्वतःची धर्मबुद्धी राखण्यासाठी व्यापाऱ्याने नफा सोडला, असे ह्याचे समर्थन कोणी करील. पण अन्न विकण्यास बसलेल्याने भुकेल्यास अन्न नाकारणे ह्यास आमच्या कोशात धर्म हा शब्द नाही. तळ्याचा दावा पुढे १९३७ पर्यंत चालला व त्या वर्षीच्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने तो अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकालात काढला.

स्वतः डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यात हा प्रश्न बालपणापासून उभा होता. १९०१ च्या सुमारास वडिलांच्या भेटीस निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनावर उतरली. पुढे बैलगाडीच्या प्रवासात बरोबर शिदोरी होती, परंतु पाणी कोणी दिले नाही, म्हणून भरली शिदोरी असता मुले उपाशी निजली. न्यूयॉर्क व लंडन येथे शिकत असता परक्या देशातल्या भोजनगृहात त्यांना हवे तेथे बसता आले. आणि १९१७ साली बडोद्यास नोकरीवर येताच स्वदेशातील एका पारशी वसतिगृहातून काठ्या दाखवून बाहेर काढण्यात आले. परदेशी कोठे जेवावे ह्याची चौकशी करणारे पुष्कळ असतात. स्वदेशात कोठे जेवू देतील, ही चौकशी किती जणांस करावी लागली, त्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

आपल्या वरच्या वर्गांसही ह्या पंक्तिप्रपंचाने सुखाने जगू दिले नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली, तेथे त्यांनी चहा घेतला, आणि गोपाळराव जोशी ह्यांनी ती नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून जाहीर करविली. पेलाभर चहासाठी शंकराचार्यांचे मंडळ बसले. न्यायमूर्ती रानडे व टिळक ह्यांच्यासारख्यांसही प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. कोण कोठे काय प्याला ह्याची यादी छापण्याची हौस तेव्हापासूनची आहे. आज तिला तारे लागले एवढेच. पुढे १९३३ साली रत्नागिरीस सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढले व तेथे जातिभेद न मानता चहा-फराळ मिळू लागला. पाऊल धीराचे होते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. तथापि त्याच्या नावातच नवी सीमारेषा ओढलेली होती, हेही सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९५० साली संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणाने कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही असे लिहिले आहे. आणि विहिरी व तलावही त्याच अनुच्छेदात आहेत. महाडचे तळे व महाडची खाणावळ अशी शेजारी शेजारी येऊन बसली. १९५५ च्या अस्पृश्यता-अपराध कायद्याने ह्यास शिक्षेची जोड दिली व त्यातील ‘हॉटेल’ ह्या शब्दात उपाहारगृह, खाणावळ, कॉफीगृह सारे आणले. मालकाने गिऱ्हाईक निवडावयाचे नाही, हे असे ठरले.

पण गिऱ्हाइकाने मालक निवडावयाचा की नाही, ह्यावर कायदा मौन आहे, आणि ते एका परीने योग्यच आहे. कोणास कोठे जेवावयास लावणे हे सरकारचे काम नव्हे. १९२७ साली गावाने प्रवाशास नाकारले. आज प्रवासी गावातल्या माणसास नाकारू शकतो, तोही एका बोटाने आणि नाव न सांगता. २०२४ साली उत्तर प्रदेशात कावडयात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकांची नावे ठळक लावावी असा हुकूम निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्यास स्थगिती देऊन म्हटले की अन्न कोणते मिळते ते सांगणे पुरे आहे. हा भेद आमच्या प्रवाशांनी समजून घेण्याजोगा आहे. मांसाशन न करणाऱ्याने भांडी निराळी आहेत काय, असे विचारावे. त्याचा तो हक्क आहे आणि त्यास सरळ उत्तर मिळाले पाहिजे. कोणास लसूण वर्ज्य असेल, कोणास उपवास असेल. हे सारे प्रश्न पानातल्या पदार्थाविषयी आहेत. आडनाव हा पदार्थ नव्हे.

येथे कोणी म्हणेल की माणूस ओळखीचा असला म्हणजे स्वच्छतेची खात्री वाटते. ही समजूत आम्ही भ्रामक मानतो. पाणी कोठून भरले, तेल किती वेळा तापविले, मासळी कालची की आजची, हे आडनावावरून कळत नाही. त्यासाठी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आहे. तो भिंतीवर दिसतो की नाही हे पाहण्यास किती प्रवासी मान वर करतात? आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, तळिये गावावर व पोलादपुराकडील केवनाळे, सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, त्या दिवसांत बाहेरून आलेल्या अन्नावर गाव जगले. पुडके कोणाच्या स्वयंपाकघरातून आले, हे विचारण्यास तेव्हा सवड नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी बहुधा कोणीच लिहीत नाही. भाड्याच्या मोटारीतून येणारे कुटुंब पंख्याखाली बसते आणि गाडी हाकणारा बाहेर, चुलीजवळच्या बाकावर. कित्येक ठिकाणी गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्यास जेवण फुकट मिळते, म्हणजे त्याचे मतही विकत घेतलेले असते. मग तो सांगेल तेथेच गाडी थांबते. आमच्या मते त्याचे जेवण मालकाने नव्हे तर प्रवाशाने द्यावे आणि त्यास आपल्याच मेजावर बसवावे. सल्ला खरा मिळेल, आणि घाटात गाडी हाकणारा माणूस समाधानाने जेवलेला असेल.

मत लिहिणाऱ्यांनी तेवढ्याच ओळींत हात धुण्यास साबण होता काय, स्त्रियांची सोय कशी होती, दर लिहिल्याप्रमाणे होते काय, येथील कोणता पदार्थ चांगला लागला, हे लिहावे. भाकरी थापणाऱ्या बाया बहुधा जवळच्या वाड्यांतून येतात; त्यांच्या हातची चव आवडली असेल तर तेही लिहावे.

यंदाच्या २० मार्चला आम्ही महाडात होतो. चवदार तळ्यावर दरवर्षीप्रमाणे लोटलेली गर्दी दुपारी बाजाराकडे पांगत होती. मराठवाड्याकडची बोली बोलणारे एक वृद्ध जोडपे, बरोबर दोन नातवंडे, एका किराणा दुकानापुढे थांबले. “दादा, जेवायला कुठं चांगलं मिळंल?” असे म्हाताऱ्याने विचारले. दुकानदाराने वजन करता करता मान वर केली व म्हणाला, “बाबा, समोर बसा नाहीतर त्या कोपऱ्यावर बसा, दोन्हीकडे ताजं आहे. पण आज गर्दी फार, नळाला पाणी कमी आहे; ही बाटली भरून घेऊन जा.” आणि आतल्या माठाकडे त्याने बोट दाखविले.