आगटीतला हुरडा

पौष-माघाच्या थंडीत धाराशिव जिल्ह्यात शेतोशेती हुरड्याच्या आगट्या पेटतात. जमिनीत लहानसा खळगा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. ज्वाळा विझून निखारे झाले, की ज्वारीची कोवळी कणसे त्यात खुपसतात. मग भोवती बसून गरम दाणे चटणी-गुळाबरोबर खायचे! कोरियातही अशीच रीत आहे. तेथे मेजाच्या मध्यभागी शेगडी असते आणि तिच्याभोवती बसून मांसाचे काप भाजून खातात.

ज्वाळा विझेपर्यंत का थांबायचे? ज्वाळेने कणसाला काजळी धरते. निखारा मात्र एकसारखी उष्णता देतो व ती मुख्यतः प्रारणाने येते. स्टेफान या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये शोधलेल्या नियमानुसार प्रारण हे केल्विन तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. भोवतालची जमीन 27 अंश सेल्सियस, म्हणजे 300 केल्विन आणि निखारा 627 अंश, म्हणजे 900 केल्विन आहे असे समजा. तापमान तिप्पट, पण तेवढ्याच पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण सुमारे 81 पट! निखाऱ्यापासून हातभर दूर तळहात धरा आणि मध्ये पाटी आणा. ऊब तत्काळ थांबते.

मग दाणा जळून कोळसा का होत नाही? कोवळ्या दाण्यात भरपूर पाणी असते. आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून दाण्याचा गाभा 100 अंशांच्या आसपासच राहतो व वाफेवर शिजतो. बाहेरचा भाग सुकून सुमारे 140 अंशांवर गेला, की त्यातील शर्करा व प्रथिनांचे घटक यांची अभिक्रिया होते. खमंग वास येतो तो त्यामुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये तिचे वर्णन केले. मांसाचे काप तांबूस होतात तेही हिच्यामुळेच.

कोरियन उपाहारगृहात शेगडीवर हवा ओढून घेणारे नळकांडे असते. ते केवळ धुरासाठी नव्हे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. कोरियात घरे उबदार ठेवण्यासाठी कोळशाच्या वड्या जाळत, तेव्हा या वायूने पुष्कळ माणसे दगावली.

आगटी उघड्यावर असते, म्हणून वायू वाऱ्याबरोबर निघून जातो. पण रात्री थंडी वाजते म्हणून उरलेले निखारे घमेल्यात भरून बंद खोलीत कधीही नेऊ नका. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. डोके दुखू लागले, मळमळले, तर तत्काळ सर्वांना घेऊन मोकळ्या हवेत या. आगटीची जागा शेतातच!